साइझ काय हिची?

‘घोड्याला बूट घालतात’ हे वाक्य ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एकदा उच्चारून बघा. एक जण हमखास विचारतो, ‘‘लेसवाले की वेल्क्रोवाले?’’ दुसऱ्याला वाटतं, आपण नालेबद्दल बोलतोय. नाही मंडळी, नाल म्हणजे खिळे ठोकून बसवलेलं लोखंड. बूट म्हणजे रबर किंवा प्लॅस्टिकचा, खुरावर चढवायचा आणि रपेट झाली की काढून ठेवायचा. आपल्या स्पोर्ट्‌स शूजसारखाच. खरेदीचं टेन्शनही तेवढंच. फक्त इथे गिऱ्हाईक तोंडाने काही सांगत नाही, जे सांगायचं ते चालून दाखवतं.

आमचं गिऱ्हाईक म्हणजे बिजली. मी सोमवार ते शुक्रवार ठाण्यात एका आयटी कंपनीत टेस्टिंग करते आणि जमेल त्या वीकेंडला पोलादपूर गाठते. (मुंबई-गोवा हायवेबद्दल इथे काही लिहीत नाही, शब्दमर्यादा आहे.) काकांचं घर उमरठच्या रस्त्याला, तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे तेच उमरठ. काकांनी दोन वर्षांपूर्वी ही घोडी घेतली. खांद्यापाशी जेमतेम साडेचार फूट, देशी रक्ताची, डोळे असे की बघणारा विरघळावा. त्याआधी ती लग्नाच्या वरातीत नाचायची. डांबरावर, बँडसमोर, रात्री-रात्री. तिथे नाल निघाली की ठोक दुसरी, असा कारभार. आमच्याकडे आली तेव्हा पुढच्या दोन्ही खुरांच्या कडांची चाळणी झालेली होती.

महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून येणारे एक नालबंद चाचा आहेत. त्यांनी पाय उचलून बघितला आणि हातोडी परत पिशवीत ठेवली. ‘‘ताई, खिळा कुठं मारू? भिंतच ऱ्हायली नाय. वर्षभर लोखंड नको हिला.’’

वर्षभर का, तर खूर आपल्या नखासारखाच वरच्या कडेपासून वाढत खाली येतो, महिन्याला साधारण आठ-दहा मिलिमीटर. पुढच्या टोकाचा जुना, भोकं पडलेला भाग पूर्ण निघून जायला नऊ महिने ते वर्ष लागतं. म्हणजे बिजली अनवाणी राहणार हे ठरलं.

अनवाणी, पण खडीवर कसं?

अनवाणी घोडा ही काही नवी फॅशन नाही. सुमारे २४०० वर्षांपूर्वी झेनोफन या ग्रीक लेखकाने घोड्याचा पाय टणक व्हावा म्हणून तबेल्याबाहेर गोटे पसरून त्यांवर त्याला उभं करायला सांगितलं होतं. रोमन लोक गरजेपुरती पट्ट्यांनी बांधायची लोखंडी तळाची वहाण वापरत. आजचे रबरी बूट १९७० च्या दशकात अमेरिकेत ‘ईझीबूट’ने रुळवले, तेही सुरुवातीला नाल निघाली तर जवळ असावी अशी स्टेपनी म्हणून. अनवाणी पायाचा फायदा असा की पाऊल टेकताना खूर किंचित फाकतो आणि तळाचा रबरासारखा मऊ त्रिकोणी भाग धक्का झेलतो. लोखंड हे फाकणं अडवतं. शिवाय गुळगुळीत, कडक जागेवर ते घसरतं. माथेरानमध्ये मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक टाकायचं निघालं तेव्हा घोडेवाल्यांचं म्हणणं हेच होतं, घोडे घसरतात. २०२३ मध्ये हा वाद सुप्रीम कोर्टासमोर होता.

पण नालेला नावं ठेवण्यात अर्थ नाही. नाल स्वस्त आहे, टिकते आणि तिच्यावर कित्येक घरं चालतात. आमच्याकडे बैलांनाही पत्र्या मारतात ते काही हौस म्हणून नाही. महाड-पोलादपूरचा दगड म्हणजे काळा कातळ. दर पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडेला फुटकी खडी पसरते, तिची धार चपलेतून टोचते. बिजली शेतातल्या मातीवर मजेत दुडकी मारायची. रस्त्यावर आली की मान खाली आणि एक-एक पाऊल जपून.

दिवाळीत काकांनी विषय काढला. ‘‘अगं, अलिबागच्या बीचवर फेऱ्या मारणाऱ्या एकाने विचारलंय. वाळूच आहे तिथं, पायाला बरं पडेल तिच्या.’’ काकांचं चुकत नव्हतं. रोजचा खुराक त्यांच्या खिशातून जातो आणि जी घोडी अंगणाबाहेर पडू शकत नाही ती ठेवायची कशासाठी? पण वाळूवर दिवसभर पाठीवर माणसं, हेही मला दिसत होतं. मी म्हटलं, ‘‘काका, होळीपर्यंत थांबा.’’ ते ‘‘बरं’’ म्हणाले. आमच्या काकांचं ‘बरं’ म्हणजे डेडलाइन.

टेप आणि कार्डबोर्ड

फोनवर एका विक्रेत्याने सांगितलं, ‘‘मॅडम, मिडियम घ्या, सगळ्यांना होतो.’’ मी फोन ठेवला आणि चाचांना बोलावलं. कारण खुराचं माप घ्यायचं ते कानस मारून खूर नीट केल्यावर, चार-पाच दिवसांच्या आत. वाढलेल्या खुराचं माप घेतलं तर बूट सैल येणार. मापं दोन, तीही मिलिमीटरमध्ये. रुंदी, तळ जिथे सर्वांत रुंद असेल तिथे. लांबी, पुढच्या टोकापासून टाचेचा कडक, वजन पेलणारा भाग संपतो तिथपर्यंत. त्यामागचे गुबगुबीत मऊ गोळे मोजायचे नाहीत. प्रत्येक पायाचं वेगळं माप घ्यायचं, कारण डावा-उजवा सारखा असेलच असं नाही. बिजलीचा डावा ११२ बाय ११६ निघाला आणि उजवा १०८ बाय ११७. मग प्रत्येक पाय कार्डबोर्डवर टेकवून पेन्सिलने आकार काढला. कार्डबोर्ड बघून काका म्हणाले, ‘‘ब्लाउज शिवतेस का काय तिला?’’

घेतले पुढचेच दोन, कारण घोड्याचं जवळपास साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं आणि तिचे मागचे पाय ठणठणीत होते. प्रकार निवडताना ओढे डोळ्यासमोर ठेवले. ‘कॅव्हॅलो’चा वेल्क्रोवाला बूट चढवायला सोपा, पण आमच्या चिखलात वेल्क्रो किती दिवस टिकणार? ‘स्कूट बूट’ला वेल्क्रो नाही, भोकांचे पट्टे आहेत आणि आत शिरलेलं पाणी निघून जातं. तोच ठरवला, डावा-उजवा वेगवेगळ्या साइझचा. किंमत, कुरिअर आणि कस्टम्स मिळून एक बऱ्यापैकी फोन आला असता. माझ्या आईला हा आकडा अजून माहीत नाही.

शनिवारची टेस्ट

आमच्या धंद्यात एक नियम आहे, थेट लाइव्ह जायचं नाही. बूट आल्यावर पहिल्या दिवशी हाताने धरून पंधरा मिनिटं चालवली. बूट हाताने पिळून बघायचा, तो खुराभोवती फिरता कामा नये. गोल चक्कर मारून बघायची, वळणावरच सैल बूट पकडला जातो. वरच्या केसांच्या कडेवर दाब नको, कारण नवा खूर तिथूनच उगवतो. बूट काढला की टाचेला हात लावून बघायचा. तिसऱ्या दिवशी उजव्या टाचेवरचे केस विस्कटलेले दिसले. पट्टा एक भोक सैल केला, आत माझ्या जुन्या सुती मोज्याचा तुकडा घातला, प्रश्न मिटला. बूट घालून रात्रभर ठेवायचं मात्र नाही, आत ओल धरते आणि पाय सडतो.

खरी परीक्षा जानेवारीतल्या एका शनिवारी, उमरठच्या रस्त्यावर. काका लगाम धरून पुढे आणि मी रस्त्याच्या कडेला फोन घेऊन बसलेली. पाय दुखत असला की घोडा आधी खुराचं टोक टेकवतो. नसेल दुखत तर टाच आधी किंवा तळ सपाट टेकतो. डोळ्याला हे पटकन दिसत नाही, स्लो मोशनमध्ये दिसतं. अनवाणी व्हिडिओत टोक, टोक, टोक. बूट घातल्यावर खडीतून टाच, टाच, टाच. काकांना दोन्ही दाखवले. त्यांनी दोनदा बघितले, मग काही न बोलता खोगीर आणायला गेले.

अलिबागवाल्याला काय कळवलं ते मी विचारलं नाही. पण होळी उलटून गेली आणि बिजली आमच्याच दारात होती.

जूनपासून बूट माळ्यावर. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, चिखल बूट खेचून घेतो आणि ओल्या गवतावर तो घसरतो. त्या चार महिन्यांत कोरडी जमीन, रोज तळ साफ करणं आणि रस्त्याला सुट्टी.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा टेप काढली. नवा खूर जवळजवळ खालपर्यंत आला होता, कडा अखंड. डावा ११६ भरला. मोकळा राहिलेला पाय वर्षभरात पसरला होता, म्हणजे डाव्याला पुढची साइझ घेणं आलं. चाचांनी जुना बूट उलटसुलट करून बघितला आणि पिशवीत टाकला. ‘‘नेतो वर, एखाद्याला येतो का बघतो.’’

‘‘चाचा, आधी माप घ्या हं,’’ मी म्हटलं.

‘‘ते काय सांगायला लागतं, ताई?’’ म्हणाले आणि माझी टेपही घेऊन गेले.