उसना पत्ता, उसनी वेळ

२६ सप्टेंबर २०२१ चा रविवार राजस्थानात 'रीट'चा होता. शिक्षक व्हायचं तर ही पात्रता परीक्षा द्यावी लागते, आणि त्या एका दिवशी सोळा लाखांच्या आसपास मुलंमुली ती द्यायला निघाली होती. उमेदवारांना बसप्रवास फुकट. जयपूरच्या सिंधी कॅम्प बसस्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. पेपर फुटू नये म्हणून सरकारने काय करावं? जयपूरसह कितीतरी जिल्ह्यांतलं मोबाइल इंटरनेट दिवसभर बंद ठेवलं. तिथल्या लोकांना त्याचं नवल राहिलेलं नाही. भरती असो की दंगल, 'नेटबंदी' त्यांच्या अंगवळणी पडली आहे. जयपूरच्या मानसरोवर भागात राहणाऱ्या माझ्या ताईने तर आदल्याच दिवशी दूधवाल्यासाठी आणि भाजीसाठी रोख पैसे काढून ठेवले होते.

मी पुण्याहून तिच्याकडे गेले होते, आणि भाचीला माझ्याकडून एक जुनी वस्तू हवी होती: रास्पबेरी पाय, मॉडेल बी. मुलांना संगणक आतून कळावा या हेतूने केंब्रिजच्या एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेला हा बोर्ड २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरला विक्रीला आला. एटीएम कार्डाच्या मापाची हिरवी पाटी, ७०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, माझ्याकडच्या आवृत्तीत ५१२ एमबी मेमरी. हार्ड डिस्क नाही. सगळा कारभार एसडी कार्डावर. चालू-बंद करायला बटणसुद्धा नाही, मोबाइलचा चार्जर लावला की चालू. आणि वाय-फाय नाही. ते २०१६ च्या पाय ३ मध्ये आलं. पुण्यातच मी कार्डावर मे २०२१ ची कार्यप्रणाली उतरवून घेतली, बोर्ड साबणाच्या डबीत ठेवला आणि डबी स्वेटरमध्ये गुंडाळून आणली.

भाचीचा प्रकल्प साधा होता, पण मला आवडला. ताईचं बिऱ्हाड सगळ्यात वरच्या मजल्यावर. गच्चीची फरशी किती तापते आणि तिच्या खालचं छत किती, हे दोन सेन्सर लावून अहोरात्र मोजायचं. सेन्सर घरात होते, तारा होत्या, बोर्ड आला. पण पायथॉनची दोन-तीन पॅकेजं उतरवायची होती आणि ताईच्या घरचं सगळं इंटरनेट फोनवर. एरवी फोन यूएसबीने बोर्डाला जोडला असता तरी भागलं असतं. त्या दिवशी तीन फोन समोर पडलेले आणि तिन्ही नेटपुरते मेलेले.

तळमजल्यावर घरमालकांकडे केबलचं ब्रॉडबँड होतं, आणि ते धडधाकट चालू होतं. नेटबंदीची ही गंमत मला फार बोचते. तेव्हाच्या, २०१७ च्या नियमांनुसार दूरसंचार सेवा थांबवायला सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षा असं कारण लागायचं; परीक्षा त्यात कुठे बसली ते ज्यांनी बसवली त्यांनाच माहीत. बंद होतं ते फोनवर जगणाऱ्यांचं. ज्याच्या दिवाणखान्यात राउटर आहे त्याला झळ नाही. आणि एवढं करून बिकानेरला चपलेच्या तळव्यात फोन आणि ब्लूटूथ दडवून आलेले उमेदवार पकडले गेलेच. पुढे फेब्रुवारीत, पेपर फुटल्याचं निघाल्यावर, दुसऱ्या स्तराची परीक्षा रद्द करावी लागली ती वेगळीच.

मालकांना विचारायला खाली गेलो. "पूछने की क्या बात है," म्हणत त्यांनी वाय-फायचा पासवर्ड कागदावर लिहून दिला. अट एकच: साडेतीनला चेन्नई-कोलकाता सामना आहे, त्या आधी काय ते उरका. ते आयपीएल नेटवरच बघायचे.

वर आमच्या खोलीत लॅपटॉपला त्या वाय-फायची दोन कांड्यांपुरती रेंज मिळाली. बोर्डाला वाय-फाय कळत नाही, आणि खाली राउटरपर्यंत पोचेल एवढी लांब केबल नव्हती. म्हणून मधे लॅपटॉप. त्याने एका बाजूने हवेतून नेट घ्यायचं आणि दुसऱ्या बाजूने हातभर लॅन केबलमधून बोर्डाला द्यायचं. पूर्वी दोन यंत्रं थेट जोडायला वेगळी क्रॉसओव्हर केबल लागायची. आता कोणती तार कुठे ते यंत्रं आपापसात बघून घेतात.

लॅपटॉपवर उबुंटू होतं. वायर्ड जोडणीच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही ४ च्या पानावर 'इतर संगणकांसोबत शेअर' असा एक पर्याय असतो. तो निवडला, केबल काढून पुन्हा लावली. विंडोजवाल्यांनाही ही सोय १९९९ पासून, विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आहे. वाय-फायच्या जोडणीवर उजवं क्लिक करून शेअरिंगच्या पानावर एक खूण करायची.

"मावशी, बस इतकंच?" भाचीचा चेहरा पडला. तिला काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं धावताना बघायची होती.

इतकंच. पण त्या एका क्लिकने लॅपटॉपने पडद्यामागे बरंच काही केलं होतं, आणि ते बघण्याजोगं होतं. केबलच्या बाजूला त्याने स्वतःला १०.४२.०.१ हा पत्ता घेतला. बोर्डाने जागं होताच "मी कोण?" असं विचारलं, तेव्हा त्याच आळीतला एक मोकळा पत्ता त्याला देऊन टाकला, वर बाहेर जायचं तर माझ्यामार्फत जा, आणि कुठल्या नावाचा पत्ता हवा असेल तर तोही मलाच विचार, असं सांगितलं.

हे १०ने सुरू होणारे पत्ते खासगी. १९९६ च्या नियमानुसार ते, आणि १९२.१६८ने सुरू होणारे, घराघरांत आणि कचेऱ्यांत पुन्हापुन्हा वापरायला राखून ठेवले आहेत. खऱ्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. आयपीव्ही ४ मध्ये मुळात पत्तेच सुमारे ४२९ कोटी, आणि मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. जगातला प्रत्येक फोन, टीव्ही आणि असल्या पाट्या त्यात मावणार कशा? म्हणून १९९४ मध्ये लिहून ठेवलेली एक तात्पुरती युक्ती आजवर चालू आहे. तिला नॅट म्हणतात. सदाशिव पेठेतल्या वाड्यात बिऱ्हाडं कितीही असली तरी पोस्टमनला वाडा एकच ठाऊक असायचा. पाकिटावर 'द्वारा' म्हणून मालकांचं नाव, आणि पत्र कोणाचं ते चौकात ठरायचं. लॅपटॉप तेच करत होता. बोर्डाची मागणी आली की तो पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून स्वतःचा घालायचा, एक पोर्ट क्रमांक टाकायचा, आणि तो क्रमांक कोणाचा याची नोंद ठेवायचा. उत्तर त्या क्रमांकावर आलं की नोंद बघून बोर्डाकडे. तळमजल्यावरचा राउटर मग लॅपटॉपचं नाव खोडून आपलं घालणार. म्हणजे आमच्या पाटीने विचारलेला प्रश्न बाहेर जाईस्तोवर दोनदा नाव बदलत होता, आणि बाहेरच्या जगाला ती पाटी अस्तित्वात आहे याचा पत्ता नव्हता. बाहेरून तिला कोणी हाक मारू शकत नाही; तिने आधी बोलायचं, मगच उत्तर.

भाचीला हे वहीत काढून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मग परीक्षेच्या दिवशी सगळ्यांनी मालकांच्याच नावाने का नाही जायचं?" ताईने आतून तिला गप्प केलं.

मग हिरव्या अक्षरांची हौसही फिटली. बोर्डाला पडदा नाही, कळफलक नाही; लॅपटॉपवरूनच एसएसएचने आत शिरायचं. कार्डाच्या बूट विभागात 'एसएसएच' नावाची रिकामी फाइल ठेवली की बोर्ड ते दार उघडतो. 'रास्पबेरीपाय डॉट लोकल' या नावाने हाक मारली, त्याने पासवर्ड विचारला, आणि आम्ही आत. बाहेर एक पिंग पाठवलं. उत्तर आलं. भाचीने घाईघाईने पॅकेजांची यादी ताजी करायची आज्ञा दिली.

नकार आला, आणि तोही विचित्र. पॅकेजांच्या भांडाराची यादी 'अजून वैध झालेली नाही'. आणखी सुमारे साडेचार महिन्यांनी होईल.

"भविष्यातली यादी?" भाची पडद्याकडे बघत राहिली. मी तिला तारीख विचारायला सांगितली. बोर्डाच्या मते मे महिना चालू होता.

या पाटीत घड्याळच नाही. घड्याळाची चिप आणि तिची बटणाएवढी बॅटरी खर्चाच्या हिशेबात गाळली गेली. (२०२३ च्या पाय ५ मध्ये चिप आली, बॅटरी अजूनही वेगळी घ्यावी लागते.) वीज गेली की वेळ गेली. त्यावर तोड म्हणून प्रणाली बंद होताना शेवटची वेळ एका फाइलमध्ये लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तिथून मोजायला लागते. आमचं कार्ड कधी चालूच झालं नव्हतं, म्हणून ते प्रणाली तयार झाली त्या मे महिन्यातून उठलं. चुकीच्या तारखेने नुसती नोंद बिघडते असं नाही. भांडाराच्या याद्या, सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं, या सगळ्यांवर 'अमुक दिवसापासून' असा शिक्का असतो. ज्याला आज कोणता दिवस आहे ते माहीत नाही, त्याने कोणावर विश्वास ठेवायचा?

काय करायचं याची चर्चा चालू असताना ताईने चहा आणला. चहा संपवून भाचीने पुन्हा तारीख विचारली तर २६ सप्टेंबर. आम्ही बोटही लावलं नव्हतं. नेट मिळताच बोर्डाने लॅपटॉपच्या आडूनच दूरच्या वेळ-सर्व्हरला विचारून घेतलं होतं, फक्त भाचीच्या आज्ञेनंतर थोडं उशिरा. एनटीपी नावाचा हा नियम डेव्हिड मिल्स यांनी १९८५ च्या सुमारास घालून दिला. जाण्यायेण्यात किती वेळ गेला ते वजा करून खरी वेळ काढायची. पत्ता लॅपटॉपचा, वेळ कोणा परक्याची, आणि तेवढ्यावर ती पाटी कामाला लागली. सामना सुरू व्हायच्या आत पॅकेजं उतरली. मधे एकदा भाचीने सवयीने लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि बोर्डाचं नेट जागच्या जागी थांबलं, तेवढाच व्यत्यय.

त्याच आठवड्यात मेट्रोने बडी चौपडला उतरून आम्ही जंतरमंतर ही जुनी वेधशाळा बघायला गेलो. घड्याळ नसलेल्या यंत्राशी झटल्यावर जगातल्या सगळ्यात मोठ्या सूर्यघड्याळापुढे उभं राहायला मजा येते. जयपूर वसवणाऱ्या सवाई जयसिंगांच्या सम्राट यंत्राची भिंत सुमारे २७ मीटर उंच आहे आणि तिची सावली सेकंदाला जेमतेम मिलिमीटरभर सरकते. डोळ्यांनी सरकताना दिसते. दोन सेकंदांपर्यंत वेळ वाचता येते. हे यंत्र कोणाकडून काही उसनं घेत नाही. सूर्य आहे तोवर वेळ आहे. पण ती वेळ जयपूरची. भारताची प्रमाण वेळ ८२.५ अंश रेखांशाची, जयपूर ७५.८ अंशावर, म्हणून स्थानिक वेळ जवळपास २७ मिनिटं मागे. सप्टेंबरअखेर सूर्य स्वतःच नऊएक मिनिटं पुढे असतो ती वजा केली तर फरक अठरा मिनिटांचा. भाचीने मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघितलं आणि खूश झाली. माझ्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. जयसिंगांच्या पदरच्या पंडित जगन्नाथांनी टॉलेमीचा खगोलग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणला होता. ग्रीकांचं ज्ञान अरबांच्या हातून इथवर आलं आणि इथे दगडात उभं राहिलं. स्वतःची वेळ स्वतः सांगणाऱ्या यंत्रामागेही मध्यस्थ होतेच.

येताना जयंती मार्केटमधून डीएस३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल घेतलं. बोर्ड गच्चीवर नेला की तिथे ना लॅपटॉप, ना नेट, आणि वीज गेली की नोंदी पुन्हा जुन्याच तारखेला चिकटणार. साधा क्वार्ट्झ उष्णतेने भरकटतो; ही चिप आपलं तापमान बघून वेळ सुधारून घेते, म्हणून वर्षाकाठी मिनिटभराच्या आतबाहेर चुकते. जयपूरच्या गच्चीवर हे हवंच. चार पिनांना चार तारा, कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ, आणि ती जुनी वेळ लिहून ठेवणारी खोटी व्यवस्था काढून टाकली. लॅपटॉपची केबल आता नोंदी उतरवून घ्यायलाच लागते.

ऑक्टोबरात भाचीने आलेख पाठवला. फरशीचा डोंगर दुपारी, छताचा डोंगर त्याच्या कित्येक तास मागे, रात्रीकडे झुकलेला. सिमेंटच्या स्लॅबमधून ऊन झिरपत खाली यायला एवढा वेळ लागतो, हे तिला बरोबर तारीख-वेळेच्या नोंदींवरूनच दाखवता आलं. ताईचा निरोप खाली वेगळा होता: हे मला विचारलं असतं तर न मोजता सांगितलं असतं. रात्री दहाला पंखा लावला की वरून भट्टीची हवा येते, आणि पोळ्या मी म्हणून सकाळीच करून ठेवते.