दोन फासे
१९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका वठवण्याचा खेळ आला, तेव्हापासून योद्धा आणि मांत्रिक यांतील विषमतेचा प्रश्न आहेच. २०१४ च्या आवृत्तीत पाचव्या पातळीवर योद्ध्याला दुसरा वार मिळतो. मांत्रिकाला मात्र ८ फाशांचा अग्निगोल. आम्ही घरचा नियम केला: फासे ६. सरासरी हानी २८ वरून २१ वर आली, कागदावर न्याय झाला. पण मांत्रिक झालेला आमचा मित्र त्या रात्री अबोल झाला, आणि योद्धा झालेली मैत्रीण पूर्वीसारखीच कंटाळलेली राहिली. पुढच्या बैठकीत आम्ही दोन्ही फासे परत केले. योद्ध्याला वारासोबतच शत्रूला पाडण्याची मुभा दिली. एकाचे हिरावल्याने दुसऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही, हे आम्हांला त्या अबोल्यातून उमगले.