नाव आणि कागद

२०२१ च्या मे महिन्यात उल्हासनगरात काही दिवसांच्या अंतराने दोन इमारतींचे स्लॅब कोसळले, माणसं गेली. तेव्हापासून कॅम्प चारमधल्या आमच्या भाड्याच्या घरात आम्ही छताकडे बघत झोपतो. यंदा पावसाळ्यात बेडरूमच्या कोपऱ्यात तडा दिसला आणि मिस्टर म्हणाले, बस झालं, आता स्वतःचं घर घ्यायचं. कर्जाच्या व्याजावरून घरात वाद झाला, तो वेगळा विषय आहे, पुन्हा कधीतरी लिहीन. आमच्या पैशांत बसणारी दोनच नावं उरली: मुंब्रा आणि बदलापूर. माझी शाळा कल्याणला. बदलापूरहून कल्याण चौथं स्टेशन, मुंब्र्याहून पाचवं. म्हणजे प्रवासावरून काही ठरणार नव्हतं.

मुंब्र्यात माझे मामू राहतात. ९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली हजारो मुसलमान कुटुंबं तिकडे गेली, त्यांतलं एक त्यांचं. तिथे घर बघायला गेलो तेव्हा आमचं नाव ऐकून कुणाच्या कपाळावर आठी पडली नाही. जवळ मशीद, उर्दू शाळा, रमजानमध्ये रात्रभर जागा बाजार. सासूबाईंचा चेहरा खुलला. एजंट म्हणाला, "पूरी बिल्डिंग अपनीच है, बाजी." खरं सांगते, ते ऐकून मलाही हायसं वाटलं. मग मी बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र मागितलं. तो हसला. "यहाँ कौन पूछता है?"

मुंब्र्याजवळ शीळफाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी बेकायदा बांधलेली इमारत पडली आणि ७४ माणसं गेली. तिथेही कुणी विचारलं नव्हतं. मुंब्र्यात कागद पक्के असलेल्या इमारती नाहीत असं नाही, पण त्यांचे भाव आमच्या हाताबाहेर होते. आम्हाला परवडणारं घर म्हणजे तडा बदलून तडाच घेणं होतं.

बदलापूरचं उलट झालं. फोनवर एजंटने सगळं वाचून दाखवलं: महारेरा नंबर, भोगवटा प्रमाणपत्र, लिफ्ट, पार्किंग. वर म्हणाला, "मॅडम, सोसायटीला मराठी फॅमिलीच हवी होती, तुमचं काम झालं समजा." मी वीस वर्षं मराठी शिकवते, फोनवर माझं मराठी ऐकून त्याने काय ते गृहीत धरलं. रविवारी किती वाजता यायचं ते ठरलं आणि त्याने आडनाव विचारलं. मी सांगितलं. थोडा वेळ शांतता. मग "तुम्ही मुस्लिम वाटत नाही हो," आणि "मालकांशी बोलून कळवतो." तो फोन आजपर्यंत आलेला नाही.

मुलगी शेजारी बसून ऐकत होती. म्हणाली, "अम्मी, आपण मराठी फॅमिली नाही का?" वर्गात कुठल्याही प्रश्नाला माझ्याकडे उत्तर असतं. तिला मी म्हटलं, आहोत, अभ्यास कर.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे माझ्या वाचकांना माहीत असावं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ प्रमाणे पुरेसं कारण असल्याशिवाय पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येत नाही. नाकारलं तर निबंधकाकडे अपील करता येतं. पण नकार कागदावर आला तर अपील करायचं ना? इथे फक्त फोन येत नाही.

दोन्हीकडचा हिशेब असा झाला. एकीकडे नाव चालतं, कागद नाहीत. दुसरीकडे कागद आहेत, नाव चालत नाही.

त्याच आठवड्यात आमच्या सिंधी घरमालकीण आंटींनी मला बोलावलं. वडिलांचे जुने कागद सापडले होते, सिंधीत, अरबी लिपीत. नातवंडांना ती लिपी येत नाही. सिंधीची ५२ अक्षरं, उर्दूपेक्षा नुक्ते जास्त, तरी मी अडखळत वाचलं. शिकारपूरला सोडून आलेल्या घराचं वर्णन होतं: किती खोल्या, किती दारं. आंटी म्हणाल्या, "बैरक में आए तो पर्दे के उस तरफ कौन है, मालूम नहीं था. बाद में वही रिश्तेदार हुए." लष्कराच्या रिकाम्या छावणीत निर्वासितांना ठेवलं आणि १९४९ मध्ये तिचं नाव उल्हासनगर झालं, हे मी शाळेत शिकवते. पडद्यापलीकडच्या माणसाचा विचार कधी केला नव्हता. उर्दूत शेजाऱ्याला हमसाया म्हणतात, एका सावलीत राहणारा. ती सावली आयती मिळत नसावी.

मग मी बदलापूरला पुन्हा फोन लावायला लागले. या वेळी पहिल्याच वाक्यात पूर्ण नाव सांगायचे. तीन जणांनी "कळवतो" म्हटलं. चौथ्याने पूर्वेला एक घर दाखवलं. सोसायटीच्या सेक्रेटरींसमोर बोलायला मी कलम २३ पाठ करून गेले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "गाड्या किती? पार्किंग एकच मिळेल."

टोकन दिलंय. मामू नाराज आहेत. "उद्या काही झालं तर कोणाचं दार वाजवणार?" असं त्यांनी विचारलं. ९२ त्यांनी पाहिलंय, मी तेव्हा शाळेत होते. त्यांना मी उत्तर देऊ शकले नाही. सासूबाईंनी मशीद किती लांब आणि कब्रस्तान कुठे ते रिक्षाने जाऊन पाहिलं, मग होकार दिला. मुलीला दारावर मराठी आणि उर्दू, दोन्ही लिपींत नावाची पाटी हवी आहे. मिस्टर म्हणतात, आधी चार महिने जाऊ देत. मी पाटी करायला टाकली आहे.