डोलकाठीवरची वेधशाळा

घरगुती हवामान केंद्राचे दोन तुकडे असतात. एक बाहेर, उन्हापावसात. दुसरा आत, भिंतीवर किंवा फडताळात. बाहेरच्या तुकड्यावर वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या तीन वाट्या गरगरत असतात, शेजारी दिशा दाखवणारा वातकुक्कुट असतो, खाली पावसाचे नरसाळे, आणि एकावर एक पांढऱ्या बशा रचाव्यात तशा आडोशात तापमान व आर्द्रता मोजणारा संवेदक. आतल्या तुकड्यात आकडे दाखवणारा पडदा. त्या पडद्यामागे वायुदाब मोजणारा मुगाच्या दाण्याएवढा संवेदक असतो. त्याच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. दोन्ही तुकडे रेडिओलहरींवरून एकमेकांशी बोलतात. कुर्ल्यातल्या एखाद्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी पाइप रोवून हे सगळे तासाभरात बसवता येते.

या यंत्राची एक मूक अट आहे: ज्या जागी बसवले त्या जागेने हलता कामा नये. वातकुक्कुटाची उत्तर एकदाच ठरवायची, नरसाळे एकदाच समतल करायचे, समुद्रसपाटीपासूनची उंची एकदाच भरायची. पुढचे सगळे आकडे या तीन गोष्टींच्या भरवशावर येतात. तेच यंत्र होडीवर नेले, तर होडी यांतल्या पहिल्या दोन गोष्टी रोज मोडते.

पण आधी गच्ची. मुंबईसारख्या शहरात स्वतःच्या डोक्यावरचा पाऊस स्वतः मोजावा असे कुणाला वाटले, तर त्याला कारण आहे. 26 जुलै 2005 च्या प्रलयात सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच 24 तासांत कुलाब्याला 73 मिलिमीटर. एकच शहर, एकच दिवस, मध्ये लोकलचा तासाभराचाही प्रवास नाही. कुर्ला या दोन आकड्यांपैकी पहिल्याच्या छायेत होते. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघालेली मिठी सुमारे 18 किलोमीटर वाहते, कुर्ल्याला वळसा घालते आणि माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते. त्या दुपारी खाडीच्या तोंडाशी साडेचार मीटरच्या आसपास भरती होती. वरून आलेल्या पाण्याला खाली जायला वाट नव्हती. ते वस्त्यांत शिरले. आजही मिठी चढू लागली की काठावरच्या क्रांतीनगरातली माणसे हलवावी लागतात. 19 ऑगस्ट 2025 ला पाणी 3.9 मीटरवर गेले, तेव्हाही हलवावी लागली.

म्हणून कुर्ल्यात पावसाचा आकडा एकटा वाचून भागत नाही. शेजारी भरतीची वेळ हवी. तासाला 50 मिलिमीटर पाऊस ओहोटीला पडला तर गटारे तुंबून ओसरतात. तोच उधाणाच्या भरतीला पडला तर घरातली भांडी तरंगू लागतात. पाऊस आणि भरती असे जोडून वाचायची सवय इमारतीत राहणाऱ्याला मुद्दाम लावून घ्यावी लागते. पाण्यावर राहणाऱ्याला ती जन्मजात असते. उधाणाची भरती कधी, भांगाची कधी, हे कोळ्याच्या घरात तिथीबरोबर येते. चंद्राकडे पाहिले की खाडीत पाणी किती असेल ते कळते.

मुंबईत होडीवर राहणारे बहुतेक जण मासेमारीचे आहेत. ससून डॉक किंवा वर्सोव्याहून बर्फ, डिझेल, गोडे पाणी आणि तांदूळ भरून ट्रॉलर निघतो. तांडेल आणि खलाशी आठ-आठ, दहा-दहा दिवस त्या लाकडी फळ्यांवरच झोपतात, रांधतात, जेवतात. शिडाच्या होडीत घर करणारे विरळा. त्यांत एका मराठी माणसाचा मुक्काम फार लांबचा. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या 56 फुटी होडीतून नौदलाचे दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून एकटे निघाले आणि पृथ्वीला वळसा घालून 19 मे 2010 ला मुंबईला परतले. अशी एकट्याची प्रदक्षिणा पुरी करणारे ते पहिले भारतीय. नऊ महिने घर तेच, गच्ची तीच, आणि त्या गच्चीवरचा वारा हेच इंधन.

गच्चीवरचे यंत्र अशा घरावर चढवले की पहिली फसवणूक वाऱ्याची होते. वारा 10 नॉटचा आहे आणि होडी 6 नॉटने त्याच्या तोंडावर चालली आहे; वाट्या 16 दाखवतात. होडी वळून वारा पाठीवर घेते. त्याच वाट्या 4 दाखवतात. वारा तसूभरही बदललेला नसतो. डेकवर उभ्या माणसाच्या गालालाही हेच वाटते, म्हणून ही फसवणूक घातक आहे. पाठीवर वारा घेऊन चालताना सगळे निवांत असते, उन्हात कपडे वाळत असतात. आणि काहीतरी पाण्यात पडले म्हणून होडी उलटी फिरवावी, तर समोरून आडदांड वारा अंगावर येतो. खरा वारा काढायला होडीचा वेग आणि दिशा वजा करावी लागते. जहाजासाठी केलेली यंत्रे हे गणित आपोआप करतात. गच्चीसाठी केलेल्या यंत्राला आपण चालतो आहोत हेच ठाऊक नसते.

त्यात डोलकाठीचा झोका. 15 मीटर उंचीची काठी दोन्हीकडे दहा-दहा अंश कलली, तर तिचे टोक हवेत पाच मीटरचा हेलकावा घेते. चार सेकंदांत एक फेरी होत असेल, तर मधोमध जाताना ते टोक ताशी जवळपास पंधरा किलोमीटरने धावते. वारा पूर्ण पडलेला, समुद्र तेलासारखा, नुसती लांबून आलेली फुगवट होडीला हलवते आहे. आणि वाट्या मात्र इमानाने फिरत असतात.

दिशेची गंमत वेगळी. नांगरावरची होडी वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, म्हणजे ती स्वतःच वातकुक्कुट होते. वरचा छोटा वातकुक्कुट मग दिवसभर नाळेकडेच बोट दाखवतो, आणि नाळ म्हणजे उत्तर असे मानून बसवलेला पडदा सकाळ-संध्याकाळ ‘उत्तर’ म्हणत राहतो. पहाटे जमिनीकडून मतलई वारा, दुपारी समुद्रावरून खारा वारा. होडी त्यांच्यामागे अर्धा वळसा घेते, पडदा तिथेच. नोंद करायची तर होकायंत्र पाहून नाळेची दिशा मिळवावी लागते. मुंबई बंदरात भरतीची ओढ वाऱ्यापेक्षा जोरकस असते तेव्हा होडी पाण्याकडे तोंड करते, आणि तेवढ्यापुरता वातकुक्कुट पुन्हा काहीतरी सांगू लागतो.

पावसाचे नरसाळे होडीवर जवळजवळ निरुपयोगी आहे. त्याच्या पोटात सी-सॉसारखी दोन कप्प्यांची पळी असते. एक कप्पा भरला की ती कलते, दुसरा खाली येतो, आणि यंत्र एक ठोका मोजते. लाटेवर ती पाण्यावाचूनही कलते. निरभ्र रात्री यंत्रात 12 मिलिमीटर पाऊस जमा होतो, आणि खरा पाऊस आला की त्यात लाटांचे तुषार मिसळतात. जगभरच्या जहाजांवरून हवामान खात्यांना जाणाऱ्या नोंदींत पाऊस आहे की नाही आणि कसा आहे हे असते, किती पडला हे बहुधा नसते, ते याच कारणाने. होडीत राहणाऱ्याने ताडपत्री बांधून ते पाणी पिंपात घ्यावे. त्याचा उपयोग आकड्याहून मोठा आहे.

तापमानाचे तितके नाही, सावली सांभाळली की झाले. आर्द्रतेच्या संवेदकाला मात्र मीठ खाते. वाऱ्याबरोबर आलेले तुषार वाळतात, संवेदकावर डोळ्यांना न दिसणारी पापुद्र्यासारखी खर बसते. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांवर गेली की हे मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळू लागते, जसे पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या सटातले मीठ पाझरते. मग संवेदक हवा मोजत नाही, अंगावरचा ओलावा मोजतो. पंधरवड्यातून एकदा गोड्या पाण्याने आडोसा आणि वाट्यांचे बेअरिंग धुणे एवढाच उपाय, आणि होडीवर गोडे पाणी मोजून वापरायचे असते.

उरतो तो पडद्यामागचा मुगाचा दाणा. घरात दुर्लक्षित राहिलेला हा संवेदक होडीवर सगळ्यांत मोलाचा ठरतो. त्याला वारा लागत नाही, मीठ फारसे बाधत नाही, हेलकावे कळत नाहीत. वायुदाब उंचीप्रमाणे घटतो, साधारण आठ मीटरला एक हेक्टोपास्कल. पण होडी कायम समुद्रसपाटीवर असते, म्हणून उंचीची दुरुस्तीही नको. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढते-उतरते, त्याबरोबर नांगरावरची होडी उचलली जाते आणि दाब अर्ध्या हेक्टोपास्कलने हलतो. इतके बारीक मोजणारे संवेदक आज घरगुती यंत्रात येतात: खालची भरती त्यांना वरच्या हवेत जाणवते.

हवेलाही स्वतःची भरती-ओहोटी आहे. उष्ण कटिबंधात वायुदाब रोज सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. समुद्राची भरती चंद्राच्या मागे रोज पाऊण तासाहून अधिक उशिरा येते. हवेची सूर्याच्या तापावर चालते, म्हणून घड्याळाला धरून असते. हा चढउतार तीन-चार हेक्टोपास्कलपर्यंत जातो, पावसाळ्यात थोडा कमी. घरगुती यंत्रांची अंदाज बांधायची रीत थंड प्रदेशांतली आहे. तिथे दाब इतका उतरणे ही हवा बिघडण्याची खूण असते. म्हणून दुपारी कडक उन्हात पडद्यावर ढगाचे चित्र येते, आणि रात्री ते आपोआप जाते. या चित्रावर विश्वास ठेवू नये. रोज त्याच वेळचा आकडा वहीत लिहावा आणि कालच्या त्याच वेळेशी ताडावा.

ही वहीच खरी वेधशाळा. मुंबईचा सरासरी दाब जानेवारीत 1012-13 च्या आसपास असतो, जुलैत 1003-4. त्या महिन्याच्या, त्या वेळेच्या नेहमीच्या दाबापेक्षा तीन हेक्टोपास्कल कमी दिसले की सावध व्हावे. पाचांहून कमी झाले की चक्रीवादळ जवळ आहे असे धरून वाट बदलावी. खलाशांचा हा नियम जुना आहे. हेन्री पिडिंग्टन यांनी ‘सायक्लोन’ हा शब्द 1848 मध्ये कोलकात्यात घडवला, तोही खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले की वादळाचे केंद्र उजव्या हाताला, किंचित मागे असते. आकडा आणि उजवा हात, दोन्ही मिळून कुठे पळायचे ते सांगतात.

17 मे 2021 ला तौक्ते वादळ मुंबईच्या पश्चिमेकडून उत्तरेला गेले. कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेले, आणि मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात कामगारांचे राहते घर असलेला पी-305 हा बार्ज बुडून सत्तरहून अधिक माणसे गेली. हे लिहिताना हात थबकतो. पाण्यावरच्या घराला गच्चीसारखा वरचा मजला नसतो. तिथे वेळ हाच आसरा, आणि दाब तो वेळ काही तास आधी देतो. हवामान खात्याचा इशारा, बंदरावरचा तीन नंबरचा बावटा आणि स्वतःच्या वहीतला आकडा, यांतले एकही दुसऱ्याची जागा घेत नाही.

मे संपता संपता शिडाच्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, ट्रॉलर धक्क्याला लागतात. यंत्र उतरवून चार महिने कुर्ल्याच्या गच्चीवर आणायचे तर तीन कामे करावी लागतात. नरसाळे पाणसळ लावून समतल करणे. वातकुक्कुटाचे तोंड नाळेकडून सोडवून पुन्हा उत्तरेला लावणे. आणि उंची भरणे: पडदा गच्चीखालच्या खोलीत 24 मीटरवर असेल, तर तीन हेक्टोपास्कल. हे शेवटचे राहून गेले, तर समुद्रावर वादळाची पहिली चाहूल देणारा आकडा घरातल्या पडद्यावर पावसाळाभर तसाच दिसत राहतो.