बोर्डोच्या मुलखातला एक द्राक्षमळा



द्राक्षबागेवर केवडा दिसला की मोरचूद आणि चुना कालवून आपण 'बोर्डो मिश्रण' फवारतो. हे बोर्डो म्हणजे फ्रान्सच्या नैऋत्येचे एक शहर. तेथील प्राध्यापक मिलार्दे यांनी १८८५ साली या मिश्रणाची माहिती प्रसिद्ध केली. आज तुम्हाला त्याच मुलखातल्या एका मळ्यावर घेऊन जातो.

बोर्डोच्या उत्तरेस सुमारे ५० किलोमीटरवर, जिरोंदच्या रुंद मुखाकाठी पॉयाक हे गाव आहे. जमीन गोट्याखड्यांची, हलकी, पण निचरा उत्तम. हवा मात्र समुद्राकडची, दमट. येथला पोंते-काने हा मळा सुमारे ८० हेक्टरांचा, म्हणजे आपल्या हिशेबाने २०० एकरांचा. वाइनसाठी प्रसिद्ध असलेला हा मळा तेसेरॉं कुटुंबाने १९७५ साली विकत घेतला.

२००४ साली मळ्याचे कारभारी झां-मिशेल कॉम यांच्या आग्रहावरून मालक आल्फ्रेड तेसेरॉं यांनी १४ हेक्टरांवर जैवगतिक शेती करून पाहिली. पुढल्या वर्षी सारा मळा त्याच पद्धतीखाली आणला. रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४ सालच्या व्याख्यानांतून निघालेली ही पद्धत. रासायनिक खते व तणनाशके बंद. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरायचे, नंतर उकरून त्यातले थोडे खत पाण्यात तासभर ढवळून शिंपडायचे. वनस्पतींचे काढे फवारायचे. कामाचे दिवस चंद्राच्या गतीवरून ठरवायचे. मोरचूद व गंधक यांना मर्यादेत परवानगी असते. ट्रॅक्टरने माती दबते म्हणून २००८ पासून येथे घोडेही जुंपले जाऊ लागले.

पण खरी परीक्षा २००७ साली झाली. पाऊस लागून राहिला, केवडा पसरू लागला. फळछाटणीनंतर अवकाळी पाऊस आला की आपली जी गत होते, तीच त्यांची झाली. मालकांनी धीर सोडला आणि रासायनिक औषध फवारले. पीक वाचले, पण सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी मोजली जाणारी वर्षे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. प्रमाणपत्र हाती आले २०१० साली. २०१८ मध्ये केवडा पुन्हा उलटला. या वेळी ते नेमाला धरून राहिले आणि सुमारे दोन-तृतीयांश पीक गमावून बसले.

आता तुमच्या घरचा हिशेब मांडा. त्यांच्या एकेका बाटलीला मोठी किंमत मिळते, त्यामुळे असे एखादे वर्ष त्यांना सोसते. दोन एकर बाग आणि सोसायटीचे कर्ज असलेल्या घराला ते सोसणार नाही. शिंग आणि चंद्र यांनी किती फरक पडतो, हे प्रयोगांनी पक्के सिद्ध झालेले नाही. मात्र कंपोस्ट, हिरवळीचे खत, मोकळी हवा खेळेल अशी विरळणी आणि बागेत रोजची फेरी यांचा उपयोग कोणी नाकारणार नाही.

तेव्हा सेंद्रियकडे वळायचे असेल तर अवश्य वळा, पण प्रथम एका तुकड्यावर. आणि केवड्याचे वर्ष आले तर काय करायचे, किती तोटा सोसायचा, हे कारभारणीसह घरातल्या सर्वांनी बसून आधीच ठरवा. पाऊस डोक्यावर असताना घेतलेला निर्णय २०० एकरांच्या धन्यालाही महाग पडला.