आईचा शब्द

वाचकहो, घरातील वडीलधारी माणसे आपली व्यथा सांगतात, तेव्हा आपण त्यांचा नेमका शब्द ऐकता का? मी ऐकला नव्हता.

नागपुरातील मे महिन्याची दुपार होती. कूलरसमोर बसलेली आई म्हणाली, "छातीत आवळल्यासारखं होऊन राहिलं." मी तिला पन्हे दिले. संध्याकाळी डॉक्टरांनी दूरध्वनीवर विचारले, तेव्हा "घरात लग्न आहे, जरा ताण आलाय" असे सांगून मोकळा झालो. 'ताण' हा शब्द आईने उच्चारलाच नव्हता. तो माझा होता. रात्री तिला दरदरून घाम फुटला. हृदयविकाराचा झटका होता. आई वाचली, पण हृदय दुबळे झाले; आता चार पायऱ्या चढताना ती दोनदा थांबते.

मराठीत हे शब्द जवळचे असले, तरी एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'ताण' हा संस्कृत 'तन्' धातूचा, म्हणजे ओढून लांबविण्याचा. तार ताणतात, तसे मनही ताणले जाते. सांधे 'आखडतात', मान 'ताठरते', 'दडपण' वरून पडते. 'आवळणे' मात्र चहूबाजूंनी होते, दोरीने करकचून बांधावे तसे. इंग्रज वैद्य विल्यम हेबर्डेन यांनी हृदयाच्या या व्यथेचे जे वर्णन केले, ते १७७२ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी तिला दिलेल्या 'अँजायना' या नावाचे लॅटिन मूळही आवळण्याचेच आहे. आईने वैद्यकाचे पुस्तक कधी उघडले नव्हते. तरी तिचा शब्द अचूक होता.

म्हणून एक विनंती. छातीत आवळल्यासारखे वा ओझे ठेवल्यासारखे वाटते, असे कोणी म्हटले, तर त्याचे भाषांतर करीत बसू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. वृद्धांना आणि मधुमेहींना पुष्कळदा छातीत दुखतही नाही. केवळ धाप, घाम, मळमळ किंवा जबड्यात, हातात अवघडलेपण जाणवते. रक्तवाहिनी बंद पडली की हृदयाच्या स्नायूची हानी मिनिटागणिक वाढते.

आणि ज्येष्ठांनो, आपणही "काही नाही रे, होईल बरं" असे म्हणून आपला शब्द गिळू नका.

आईच्या उशाशी मी आता एक वही ठेवली आहे. ती जे म्हणते, ते तिच्याच शब्दांत, वेळेसह लिहितो आणि डॉक्टरांना तसेच वाचून दाखवितो.