सलाम फेरायची वेळ

असरची नमाज झाली की आम्ही सातजण मशिदीसमोरच्या हॉटेलात बसतो. चहा अर्धा अर्धा, गप्पा पूर्ण. भुसावळला आमच्या मोहल्ल्याची हॉकीची टीम होती, तिचे आम्ही उरलेले खेळाडू. अकरातले चार अल्लाहला प्यारे झाले. राहिलेल्यांत कुणाचा गुडघा धड नाही, कुणाला ऐकू येत नाही. पण 1974 सालच्या एखाद्या सामन्याचा विषय निघाला की सगळेच एकदम बोलू लागतात.

बर्फावरच्या हॉकीशी आमचा संबंध आला तो 2022 साली. आमच्यातल्या एकाचा मुलगा टोरांटोला असतो. त्याने मोबाईलवर फोटो पाठवला. नाझेम कादरी नावाचा खेळाडू, मूळ घराणे लेबनानचे, स्टॅन्ली कप जिंकून तो चषक कॅनडातल्या लंडन या आपल्या गावच्या मशिदीत घेऊन आला होता. विजेत्या टीमच्या प्रत्येक खेळाडूला चषक एक दिवस स्वतःजवळ ठेवायला मिळतो, असा तिथला रिवाज. आम्ही तो फोटो चष्मे पुसून पुसून पाहिला.

मग खेळाची चौकशी सुरू झाली. चेंडू नाही, रबराची चकती. तीन इंच रुंद, एक इंच जाड, तीही सामन्यापूर्वी गोठवून कडक केलेली. गोल अवघा सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. आपला बारा फूट रुंद, सात फूट उंच. आमचा गोलकीपर तोवर गप्प होता. तो म्हणाला, “गोल लहान, म्हणजे चूक मोठी. तिथल्या कुण्या गोलकीपरने काही लिहिले आहे का, विचारा.”

अशा रीतीने केन ड्रायडनचे ‘द गेम’ आमच्या टेबलावर आले. कॉलेजात शिकणारा एक नातू रोज दोन-चार पाने वाचून अर्थ सांगायचा.

ड्रायडन 1947 चा, म्हणजे आमच्याच उमरीचा. मॉन्ट्रियल कनेडियन्सचा गोलकीपर. 1971 साली, एक पूर्ण हंगाम खेळण्याआधीच, त्याने टीमला चषक मिळवून दिला. आठ हंगामांत सहा चषक. नियमित हंगामांतले 397 सामने, त्यांत हार फक्त 57. आणि 1979 साली सलग चौथा चषक जिंकल्यावर वयाच्या 31व्या वर्षी त्याने खेळ सोडला. ‘द गेम’ त्याच शेवटच्या हंगामाचे पुस्तक. प्रवास, सराव, ड्रेसिंग रूममधली चेष्टामस्करी, थकवा, आणि आता जायचे आहे हे मनात धरून खेळणारा माणूस.

“सोडले कशाला?” आमचा सेंटर फॉरवर्ड चिडला. “हातपाय शाबूत, टीम जिंकतेय. असे भरल्या ताटावरून कोण उठते?”

“दादा, हा वकिली शिकलेला होता,” नातू म्हणाला. “खेळता खेळता मॅकगिल विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली. 1973-74 साली पगारावरून बिनसले तर वर्षभर खेळलाच नाही, टोरांटोत वकिलीची उमेदवारी केली.”

पुस्तक 1983 साली छापले गेले, हेही त्याने सांगितले. आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही. 1983 साली आमचा गोलकीपर 36 वर्षांचा होता. डाव्या बाजूला खाली आलेला चेंडू त्याला दिसायचा, पण पाय पोचायचा नाही. मोहल्ल्यातला एक 19 वर्षांचा मुलगा रोज फजरनंतर एकटा भिंतीवर चेंडू मारून सराव करी. आम्ही त्याला म्हणालो, “सबर कर, बेटा. तुझे वय आहे.” तीन वर्षे त्याने सबर केला. मैदानाबाहेर बसून पाण्याची कळशी सांभाळली. मग सौदीला ड्रायव्हर म्हणून निघून गेला. तो गेल्याचे आम्हाला आठ दिवसांनी कळले.

दोष एकट्या गोलकीपरचा नव्हता. त्याला आम्हीच जाऊ दिले नाही. त्याचे सायकलचे दुकान होते, पण तिथे तो पंक्चर काढणारा. मैदानावर लोक त्याच्या नावाने ओरडायचे. ड्रायडनला उठता आले, कारण जायला दुसरे दार होते. त्याने पुस्तके लिहिली, 2004 साली खासदार झाला, मंत्री झाला. आमच्यापैकी पाचजण मॅट्रिकपुढे गेले नाहीत. ज्याच्या हातात दुसरे काही नाही, तो आहे ते घट्ट धरून ठेवतो, आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्याच्या हातातही मग काही येत नाही.

ड्रायडननंतर मॉन्ट्रियलला चषकासाठी सात वर्षे थांबावे लागले. 1986 साली तो मिळाला तेव्हा गोलात पॅट्रिक रॉय होता, वय 20. हे वाचले त्या दिवशी आमचा गोलकीपर चहा न पिताच उठून गेला.

2025 च्या सप्टेंबरात ड्रायडन वारल्याचे टोरांटोहून कळले. त्या संध्याकाळी गोलकीपर म्हणाला, “भाई, आपण अजून गोलातच उभे आहोत.” मोहल्ल्याच्या शाळेच्या कमिटीवर आम्ही सातहीजण बावीस वर्षे आहोत. कॉम्प्युटर लॅबचा अर्ज घेऊन आलेल्या शिकल्यासवरल्या मुलांना आम्ही तेच सांगत आलो, जे 1983 साली सांगितले होते.

जमातीला उशिरा आलेला नमाजी इमामाच्या सलामाची वाट पाहतो. इमामाने सलाम फेरला की मगच तो आपल्या राहिलेल्या रकाती पुऱ्या करायला उठतो. आयुष्यभर पाळलेली ही गोष्ट आम्हाला मशिदीबाहेर कधी सुचली नाही.

पुढच्या जुम्म्याला गोलकीपरने कमिटीचा राजीनामा दिला. त्याच्यामागे आणखी दोघांनी. त्या जागांवर दोन मुले आणि एक मुलगी आली. आम्ही बाकीचे चौघे अजून विचार करतो आहोत.